कुंकवाच्या रेघेवरचा काटा

बाबा, तुमच्या रेडिओसारखा रेडिओ आता सहज मिळत नाही. नाशकात चार दुकानं फिरले. एक जण म्हणाला, "ताई, ब्लूटूथवाला घ्या ना, मीडियम वेव्ह कोण ऐकतं आता?" मला हाताने फिरवायचा काटा हवा होता, बटणाचा रेडिओ दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी थांबतच नाही. आणि सेलवर चालणारा हवा होता, कारण आभाळ भरलं की आधी लाईट जाते. फोनवर विजेचा इशारा येतो म्हणा, पण मळ्यात रेंज कुठली? तो येतो म्हणजे वरातीमागून घोडं.

तुम्ही त्या रिकाम्या जागी आईच्या कुंकवाने रेघ ओढली होती. काटा तिथे ठेवायचा. लांब वीज चमकली की रेडिओ खरखरायचा, आणि खरखर दाट झाली की तुम्ही बायकांना शेतातून घरात बोलवायचात. एकदा मी काट्याला हात लावला तर ओरडलात, "तिथं गाणी नाय लागत, तिथं आभाळ बोलतंय!" मला हसू आलं होतं.

वीज पडून तुम्ही गेलात. दहाव्याला आईने रेडिओतले सेल काढून तो फळीवर ठेवला. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही.

परवा दुपारी नवा रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते, सेल अजून मुठीतच होते. आई आणि पाच बायका दसऱ्याचा झेंडू तोडत होत्या. ऊन लख्ख होतं. आणि फळीवरून खरखर ऐकू आली. आधी विरळ, मग दाट. मी अनवाणी धावले, ओरडून सगळ्यांना घरात आणलं. बायका मला हसत होत्या. थोड्या वेळाने आभाळ काळं झालं आणि ज्या बाभळीखाली त्यांच्या फुलांच्या पाट्या ठेवल्या होत्या तिच्यावर वीज पडली.

"तुला कसं कळलं?" आईने विचारलं. मी फळीकडे बोट दाखवलं.

"त्याच्यात सेल कुठं हायेत?"

मी रेडिओ खाली घेतला. काटा बरोबर रेघेवर होता. बाबा, तेव्हा मला खरी भीती वाटली. कारण तुम्ही गेलात त्या दिवशी काटा मी गाण्यांवर नेला होता, आणि तो तिथेच राहिला होता. तुम्ही अंगणातून विचारलंत, "खरखर हाय का गं?" मी गाणं ऐकत "नाय" म्हटलं, आणि तुम्ही शेतात गेलात.

आई इतकी वर्षं म्हणते, रेडिओनं दगा दिला. मी ऐकून घेते. हे पत्र घडी करून सेलच्या रिकाम्या खणात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? आज तिला सांगायचंच ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं, आणि मीठ मागितलं.