साखळीला तेल लावू नकोस

सीडर बेंड, वॉशिंग्टन राज्य
ऑक्टोबर १९२६

तीर्थस्वरूप इंगेबोर्ग मावशीच्या चरणी, तिच्याच मते वाया गेलेल्या तिच्या भाच्याचा, म्हणजे ऑर्व्हिलचा, अंगावरच्या भुशासकट नमस्कार.

तुझे गुडघे या थंडीत कसे वागताहेत ते सविस्तर कळव. ओले काकांचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर पाइपही गेलेला नाही, एवढं मी इथे बसून सांगू शकतो. बटाट्याच्या पोळ्यांचा, तुझ्या लेफ्सांचा, डबा पोचला आणि पोचला त्याच दिवशी संपला. गाईंची चौकशी मात्र मी मुद्दामच करत नाही. गेल्या पत्रात तू लिहिलंस की एका कालवडीचं नाव 'ऑर्व्हिल' ठेवलंयस (कालवडीचं! निदान गोऱ्ह्याचं तरी ठेवायचं होतंस) आणि माझी खोली झाडून तयार आहे. ठीक आहे, वचन मी दिलं होतं. या शरदात माझी साखळी मालकांनी नाकारली, तर मिनेसोटाला परत येऊन मी जन्मभर निमूटपणे दूध काढीन, हे माझेच शब्द. पण मावशी, त्या कालवडीचं नाव आता बदल.

तुला साखळीत रस नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून हा परिच्छेद काकांना वाचायला दे आणि तोवर लोणी काढून घे. काका, आमच्या सॉ मिलमध्ये इंजिनाची ताकद ओंडका करवतीकडे नेणाऱ्या गाडीपर्यंत पोचवायला बिडाच्या आकडेवाल्या कड्यांची साखळी होती. एका कडीचा आकडा दुसरीत अडकवला की झालं, इतका सोपा कारभार. पण आकडा आकड्यावर घासतो, थोडा थोडा झिजतो, साखळी लांबते, लांबली की दातेरी चाकाच्या डोक्यावर चढते आणि मग दात सोडून उडी मारते. सायकलच्या साखळीकडे बघता बघता मला वाटलं, हेच मोठं करून का बघू नये? मी पोलादी पिन घेतली, ती भट्टीत तापवून कडक केली, तिच्यावर बुश, म्हणजे पोकळ नळी, बसवला आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर. आता कडी दातावर घासत नाही, लोळत येते आणि लोळत जाते. शिवाय चाकाचे दात विषम ठेवले आणि साखळीच्या कड्या सम, म्हणजे तीच कडी दर फेरीला त्याच दाताच्या वाट्याला येत नाही आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. (पाद्रीबाबांनी देणगीची थाळी फिरवताना हे तत्त्व पाळलं तर काकांवर दर रविवारी चिडायची वेळ येणार नाही.) असली साखळी जगात आणखी कुणी केली असेलही. सीडर बेंडमध्ये मी केली.

आता मावशी, परत ये. जुनी साखळी चालू असली की आमच्या मिलमध्ये स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. त्यामुळे इथे सगळे हातांनी बोलतात. अमुक बोट म्हणजे ओंडका फिरव, तमुक बोट म्हणजे जाड फळी काढ, आणि इतक्या वर्षांत ही भाषा एवढी वाढली आहे की नेल्स, आमचा मुख्य करवत्या, नुसत्या बोटांवर सासूची नक्कल करतो. पण हात कामात गुंतले म्हणून तोंड काही गप्प बसत नाही. तोंडाने जो तो मनात येईल ते बोलतो, ओरडून बोलतो, कारण ऐकणार कोण? विशेषतः मालकांबद्दल. आमचे मालक लेमुएल हॅस्किन्स. त्यांना लांबचं दिसत नाही आणि चष्मा लावायला ते तयार नाहीत, म्हणून त्यांना कुणाचे ओठ वाचता येत नाहीत. आणि त्यांच्या मिशा अशा की ओठ आहेत की नाहीत हेच आम्हाला माहीत नाही. तेव्हा ते रोज सकाळी कपाळाला आठ्या घालून येतात, नेल्स अदबीने टोपी काढतो आणि त्याच अदबीने म्हणतो, "ये रे बोकडा, आलास पोट घेऊन?" मालक मान डोलावतात. मिशा हलतात. दिवस सुरळीत सुरू होतो.

माझी पहिली चाचणी एप्रिलमध्ये झाली. तिच्याबद्दल तुला कुणीतरी काहीतरी कळवलंच असेल, पण खरा प्रकार असा. साखळीची दोन टोकं जोडकडीने जोडतात आणि तिच्यावर एक चिमुकली क्लिप बसवतात. त्या क्लिपचं उघडं तोंड साखळी जिकडे धावते त्याच्या उलट दिशेला हवं. सगळ्या वॉशिंग्टन राज्याला मी हे समजावून सांगत होतो, आणि समजावता समजावता मी ती उलटी बसवली. (चूक ज्ञानाची नव्हती, वक्तृत्वाची होती.) क्लिप सुटली ती मालकांच्या कॉफीत पडली, साखळी जमिनीवर पडली, आणि ओंडक्याची गाडी उतारावरून मागे घरंगळत नेल्ससकट ओंडके तरंगत ठेवायच्या तळ्यात गेली. नेल्स वर आला तो दोन्ही हातांनी बोलत होता. एवढी विशेषणं त्या भाषेत आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मालकांनी गळ्यावरून आडवं बोट फिरवलं, मग तेच बोट वर केलं. म्हणजे, आणखी एकदा. शेवटचं. मी बाहेर जाऊन जोरात शिट्टी वाजवली. जणू काही झालंच नव्हतं.

दुसरी चाचणी गेल्या आठवड्यात झाली. मालकांनी हुकूम सोडला की बाकी सगळं बंद, रंधा बंद, आडवी करवत बंद, फक्त या पोराची साखळी फिरू दे. सगळा गाव दारात. मी क्लिप तपासली, परत तपासली, नेल्सकडून तपासून घेतली (त्याने लांबूनच तपासली), आणि दांडा ओढला.

मावशी, काहीच ऐकू आलं नाही! चाकं फिरताहेत, गाडी मागेपुढे जातेय, आणि आवाज म्हणशील तर तू चरखा चालवतेस तेवढा. मला वाटलं माझे कान गेले. तेवढ्यात मालक आत आले, नेल्सने अदबीने टोपी काढली आणि साऱ्या गावासमोर खणखणीत आवाजात म्हणाला, "ये रे बोकडा, आलास पोट घेऊन?"

दारात कुणीतरी शिंकायचं सोंग केलं. नेल्स पांढराफटक पडला. पण खरी गंमत पुढेच आहे. मालकांचं तिकडे लक्षच नाही असं वाटलं. ते नाक लावून माझी साखळी बघत होते, बोटांनी मला रोजचीच खूण करत होते, 'हं, बघू, सरक बाजूला', कपाळावर त्याच आठ्या, आणि मिशांच्या आतून, इतकी वर्षं ज्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही त्याच आवाजात ते ओरडत होते, "साधलंस रे पोरा! अरे, पठ्ठ्या आहेस! देवाने मला असा एक मुलगा दिला असता तर अजून काय हवं होतं मला!"

मग त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. कान लाल झाले, मान लाल झाली. सगळ्यांकडे बघून त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "बोकड कोण?" नेल्स म्हणाला, "तो ओंडका, मालक." मालक म्हणाले, "हं. चिरा त्याला." आणि तडक बाहेर गेले. आम्ही बोकड चिरला, संध्याकाळपर्यंत त्याचे भाऊबंदही चिरले, साखळी एकदाही दात सोडून उडाली नाही.

तेव्हा मावशी, साखळी पास. मालकांनी ती सगळ्या यंत्रांना बसवायला सांगितलंय आणि साखळीखात्याचा प्रमुख म्हणून मला नेमलंय (खात्यात सध्या मी एकटाच). मी परत येत नाही. कालवडीला माझा आशीर्वाद. काकांना नमस्कार, कोंबड्यांना जे योग्य असेल ते.

तुझा यशस्वी,
ऑर्व्हिल

ता. क. एक बारीकसं काम. काकांच्या कोठारात मका वर चढवायची ती जुनी आकडेवाली साखळी होती ना, जिच्या आवाजाने कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या होत्या? ती मोडीत घातली नसेल तर रेल्वेने इकडे पाठव. चाकांसकट.

आणखी ता. क. मला ठाऊक आहे तू काय म्हणणार: एवढी सुधारलेली साखळी केलीस, आता ती भंगारातली कशाला? सांगतो. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी मालकांनी सगळ्या जुन्या साखळ्या मोडीत विकल्या, आणि तेव्हापासून मिल अगदी गप्प आहे. जो तो जपून बोलतो. नेल्स मालकांना 'सुप्रभात' म्हणतो आणि मग दिवसभर त्याचं पोट दुखतं. मालक माझ्याजवळून जातात, 'ठीक' म्हणतात आणि छताकडे बघतात. काल सगळ्यांच्या वतीने नेल्स त्यांच्याकडे गेला: साखळी नवीच राहू द्या, पण शेजारी एक जुनी, नुसती रिकामी, काहीही न ओढणारी साखळी फिरवा, थोडी मोकळीक मिळेल. आम्हाला वाटलं होतं म्हातारा त्याला हाकलून देईल. तर म्हातारा म्हणाला, "सगळ्यात कर्कश असेल ती आणा. मलाही जरा बोलायचं असतं."

शेवटचं ता. क. रेल्वेने पाठवू नकोस. मी नाताळात येतो, राहायला नाही, पण येतो, आणि स्वतः घेऊन जातो. ओठ वाचायला मी मिलमध्ये शिकलो असं इथे सगळे समजतात. मी शिकलो तुझ्या कोठारात, त्याच साखळीपाशी, तुझे हुकूम पाळता पाळता. मी घर सोडलं त्या दिवशी काका मका चढवत होते, तू बोट नाचवत माझ्यावर ओरडत होतीस, आणि काकांना आजही वाटतं तू मला शिव्या घालत होतीस. मावशी, तू म्हणत होतीस, "जाऊ नको रे राजा, जाऊ नको." मी काही कळलं नाही असं दाखवून हात हलवला आणि निघालो. तेव्हा त्या साखळीला तेल लावू नकोस. मी आलो की काकांना ती एकदा सुरू करायला सांग आणि तू तिथेच उभी राहा. मलाही तुला काहीतरी सांगायचंय, आणि ते शांततेत माझ्याच्याने व्हायचं नाही. तुला ओठ वाचता येत नाहीत ना? बरं आहे.