लाकडावरची टिकली

बाळकुम, मंगळवार संध्याकाळ

…अजून आठवतं, मी तांदूळ निवडत बसले होते आणि हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "अगं, टिकली वाकडी लागलीय." हे गेल्यापासून मी टिकली लावत नाही. आज मात्र वाचनालयातल्या ठशांच्या वर्गात स्वतःचा चेहरा लाकडावर कोरताना कपाळावर टिकलीएवढी जागा न कोरता राहिली. शाई लावून कागदावर दाबलं की न कोरलेलं काळं उमटतं. टिकली उमटली, वाकडीच. शेजारच्या मालूताई कुजबुजल्या, "खरवडून टाक गं, लोक काय म्हणतील?" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दिसतं तसं नको, आत वाटतं तसं कोरा." खरवडू का? एकदा गेली की परत येणार नाही. पण ते मोठे डोळे, आठ्या, टिकली… मीच की ही! बघून बरं वाटलं.

बुधवार. टिकली ठेवली. पाच ठसे काढले, एक मालूताईंना नेऊन दिला.