ऐकून पाठ झालेला धडा

हुमनाबाद, २१ जानेवारी १९३६

थकले आज. भावाची गंगू दहा वर्षांची झाली, तरी तिला अक्षर लागत नाही. मी वाचलेला धडा ती एकदा ऐकून पाठ करते आणि शाळेत पानावर बोट फिरवत म्हणते. आज बाईंनी मध्येच पान उलटलं, तरी हिचा मागचाच धडा चालू. वर्ग हसला. "पोपट हाय नुसती," बाई म्हणाल्या.

घरी आल्यापासून तेच बोट चावतेय. जेवलीही नाही.

"आत्या, मी येडी हाय का?"

"न्हाई गं माय."

"मग कामून वाचाया येईना?"

मी शिकले त्या कॉन्व्हेंटात सिस्टरही अशा मुलींना कोपऱ्यात उभं करत. अक्षर का लागत नाही, कुणाला ठाऊक होतं?

ते बोट हातात धरून रोजची गोष्ट सुरू केली, तर तिनं कान झाकले.

"नको आत्या. ऐकलं की पाठ होतंय."