माझ्या नावाचे झॉम्बी

३ जानेवारी
संकल्प. एक : खरी कादंबरी या वर्षी पूर्ण करायची. अकरा वर्षं झाली. चारशे बारा पानं झाली. नायक खुर्चीत बसला आहे. शेवटी तो उठतो. तेवढंच राहिलं आहे.
दोन : रोज सकाळी पाच ते सात लेखन.
तीन : ही रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. त्यामुळे इथे खोटं लिहायचं कारण नाही.

४ जानेवारी, सकाळी नऊ
उठायला उशीर झाला. थंडी.

९ जानेवारी
अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडदा मधोमध वाळत चालला आहे. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर, फार तर सव्वा वर्ष. अण्णांनी विचारलं, म्हणजे ओळीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर दिसेल? डॉक्टर हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी अडतीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. एकेक अक्षर, तेही उलटं. परत येताना म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांची नावं जुळवली, आता पोराचं एकदा छापलेलं बघितलं की झालं.
मी म्हणालो, या वर्षी नक्की. अर्पणपत्रिका अकरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे. सगळ्यात आधी तीच लिहिली.

२२ जानेवारी
मोठ्या प्रकाशनात गेलो. संपादिका तिशीची. टेबलावर प्लास्टिकची कवटी, तिच्यात पेनं. हस्तलिखित हातात तोलून म्हणाली, सर, यात कुणी मरतं का? मी म्हणालो, व्यापक अर्थाने सगळेच. ती म्हणाली, व्यापक नको. सध्या फक्त झॉम्बी चालतात, बाकी सगळं दुकानांतून परत येतं. झॉम्बींची मालिका काढतोय, दोनशे पानांचं एकेक पुस्तक, लिहाल का? मी खऱ्या कादंबरीचं विचारलं. ती म्हणाली, नंतर बघू.
म्हणजे तत्त्वतः होकार.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, तू आणि झॉम्बी? तुझ्या लिहिण्यातलं लोकांना कळतं ते फक्त पंपाचं माहितीपत्रक.
पंपांच्या कंपनीत माहितीपत्रकं लिहितो म्हणून हे ऐकून घ्यावं लागतं.

४ फेब्रुवारी
करार केला. संपादिका म्हणाली, टोपणनाव घ्या सर, सगळेच घेतात. कलम नऊ वाचलंत ना? कलम नऊ : मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव ही मालिकेची मालमत्ता राहील, अन्य पुस्तकासाठी ते वापरता येणार नाही. मी म्हणालो, लपून लिहिणाऱ्यांतला मी नाही. ती म्हणाली, घरी जाऊन विचार करा, उद्या सही करा. मी तिथल्या तिथे केली. अण्णांना माझं नाव दिसायला हवं, आणि ते वर्षाच्या आत. शिवाय झॉम्बींमुळे नाव झालं की त्याच नावावर खरी कादंबरी जाईल. कलमांचं काय, ती सोडवता येतात. याला दूरदृष्टी म्हणतात.

२० फेब्रुवारी
माझा झॉम्बी नव्वद पानं खुर्चीत बसून आहे. मुलीने वाचलं. म्हणाली, बाबा, हा चावणार कधी? मी म्हणालो, त्याच्या न चावण्यातच सगळा ताण आहे. ती म्हणाली, ते असू दे, पण चावणार कधी?

२५ फेब्रुवारी
संपादिकेचंही तेच म्हणणं. तिसऱ्या पानावर चावा हवा. मी सातव्यावर अडून बसलो. पाचव्यावर ठरलं. कलेत थोडी तडजोड चालते.

१७ मार्च
ऑफिसात साहेबांनी बोलावलं. नव्या माहितीपत्रकात मी 'पंप हळूहळू शुद्धीवर येतो' असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, आणि मग काय करतो, गिऱ्हाइकाला धरतो?

१२ मे
पुस्तक आलं. मुखपृष्ठावर माझं नाव. लाल, उठावाचं, पुस्तकाच्या नावापेक्षा मोठं. अण्णांनी भिंग लावून दहा मिनिटं फक्त नाव बघितलं. मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, उठाव चांगला आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरात फट जास्त पडली. मग भिंग पुसत बसले. पुस्तक दिवसभर मांडीवर. संध्याकाळपर्यंत त्यांना मुद्रणाच्या सतरा चुका सापडल्या. चावा कसा वाटला विचारलं. कुठला चावा, म्हणाले.
आता खरी कादंबरी.

३० ऑगस्ट
झॉम्बींचं तिसरं पुस्तक दिलं. दुसऱ्याबद्दल लिहायचं राहून गेलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं. संपादिकेला सांगितलं, तीन महिने खऱ्या कादंबरीसाठी हवेत. अडवून धरेल वाटलं होतं. ती म्हणाली, घ्या ना सर, अगदी निवांत घ्या.
सुसंस्कृत बाई आहे.

१ सप्टेंबर ते ३० सप्टेंबर
नायक अजून बसलेला. पण आता त्याने एक हात खुर्चीच्या दांड्यावर टेकला आहे.

११ ऑक्टोबर
पुस्तकांच्या दुकानात मालिकेचं चौथं पुस्तक. माझं नाव. मी लिहिलेलं नाही.
पुन्हा नाव बघितलं. माझंच.

१२ ऑक्टोबर
प्रकाशनात गेलो. संपादिका म्हणाली, सर, कलम नऊ. मी सांगितलं होतं. आता तुमच्या नावाने तिघं जण लिहितात. एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना चाव्यांची चांगली माहिती आहे. मी म्हणालो, माझं नाव मला परत द्या. ती म्हणाली, माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं. चहा मागवला. तिला खरंच वाईट वाटत होतं, त्यामुळे मला भांडता आलं नाही.
घरी आलो तर अण्णा चौथं पुस्तक वाचत होते. मुलीने आणून दिलं होतं. भिंगाखालून पुस्तक तिरकं सरकवत, एकेक अक्षर. म्हणाले, आता तुझा हात बसला बघ. पहिल्या तिन्हींत अडखळत होतास.
सांगणार होतो. पण ते पुन्हा पानात गेले होते.
उद्या सांगायचं.

१३ ऑक्टोबर
अण्णांना सर्दी. परवा.

९ नोव्हेंबर
एका छोट्या प्रकाशकांना खरी कादंबरी दिली होती. म्हातारे गृहस्थ, एका खोलीत संसार आणि गोदाम. नायक उठलेला नाही हे आधीच सांगितलं. ते म्हणाले, उठवू नका. आवडली मला. छापतो.
अकरा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. ते जिना उतरताना लक्षात आलं, म्हणून परत वर जाऊन पुन्हा ऐकून आलो.

१६ नोव्हेंबर
छोट्या प्रकाशकांनी करार वाचला. म्हणाले, या नावाने मला छापता येणार नाही, ते मला कोर्टात उभं करतील. टोपणनाव घ्या. पुस्तक तेच राहील, त्यात काय एवढं? मी म्हणालो, ज्यांच्यासाठी छापायचं त्यांना नावच बघायचं आहे. ते म्हणाले, मग त्यांना सांगा ना, हे टोपणनाव तुमचं आहे म्हणून.
म्हणजे आधी बाकीचंही सांगावं लागेल.
नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. बायको म्हणाली, तत्त्व कसलं, तुला अण्णांची भीती वाटते. बायकोला साहित्यातलं कळत नाही.

२४ डिसेंबर
अण्णांनी भिंग खणात ठेवून दिलं. म्हणाले, आता नुसतं ओझं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात. तसं बघितलं की तोंड थोडं दिसतं म्हणे.

५ जानेवारी. नवी वही.
संकल्प : गेल्या वर्षीचे पहिले दोन. पाच ते सातऐवजी सहा ते सात.

१९ जानेवारी
आनंदाची बातमी. झॉम्बी संपले! दुकानात दाराशी टोपलीत, एकावर एक मोफत. मुलगी म्हणाली, बाबा, झॉम्बी आता कुणीच वाचत नाही. मी तिला पेढा भरवावा तसा खिशातला खडीसाखरेचा खडा भरवला. मालिका संपली म्हणजे नाव सुटलं. छोट्या प्रकाशकांना फोन केला. म्हणाले, लेखी आणा, लगेच छापायला घेतो. अण्णांना कडेचं दिसतं आहे. मोठ्या अक्षरांत छापू, ओळीत दोनच शब्द. बसतं सगळं.

२० जानेवारी
बसलं नाही. आता जलपऱ्या आल्या आहेत. जलपरी आणि दीपगृहाचा रखवालदार, अशा प्रेमकथा. मालिका नवी, लेखक तोच; कलम नऊमधल्या 'मालिके'त प्रकाशनाची पुढची प्रत्येक मालिका येते म्हणे. म्हणजे मी. संपादिका म्हणाली, सर, वाचक नावाला धरून असतो. दातांच्या डॉक्टरांना प्रेम जमत नाही, म्हणून नवा माणूस शोधतोय. दहा पानांचा नमुना मागवलाय.
जिन्यात युक्ती सुचली. नमुना मीच पाठवायचा. माझ्या नावाने मीच लिहू लागलो की अण्णांना काही सांगायलाच नको. खोट्याचं आपोआप खरं होईल. संपादिकेला कळवलं नाही. गुणांवर निवड व्हावी.

६ फेब्रुवारी
दहा पानं पाठवली. जलपरी दुसऱ्या पानावर पाण्याबाहेर येते. माझ्या मानाने हा झंझावात आहे. अर्जात 'आपलं नाव' या रकान्यात माझं नाव लिहिलं.

२७ फेब्रुवारी
छापील उत्तर. 'प्रिय नवोदित लेखक, आपला नमुना काळजीपूर्वक वाचला. भाषा नीटनेटकी आहे. परंतु मूळ लेखकाच्या शैलीशी ती जुळत नाही. त्यांची पुस्तकं, विशेषतः चौथ्यापासूनची, अभ्यासावीत. ता. क. आपण अर्जात चुकून लेखकाचं नाव लिहिलं आहे. कृपया स्वतःचं कळवावं.'

२८ फेब्रुवारी
काही नाही.

१४ जून
जलपऱ्यांचं पहिलं पुस्तक टपालाने आलं. करारानुसार माझ्या नावाच्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मला मिळते, उशिरा का होईना. मुखपृष्ठ निळं, नाव उठावाचं. अण्णांनी बोट फिरवलं. म्हणाले, या वेळी फट बरोबर आहे. वाचून दाखव म्हणाले.
वाचलं. रखवालदार म्हातारा होत जातो, जलपरी होत नाही. आता त्याला ती दिसत नाही, म्हणून ती रोज खडकावर येऊन एक शिंपला वाजवते. चांगलं लिहिलं आहे. पंचवीस पानं थांबावंसं वाटलं नाही.
अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. असं येत राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या कानाकडे बघून म्हणाले, हे खरं तुझं पुस्तक. आधीची आपली लिहायची म्हणून.
मी म्हणालो, हो.
मग विचारलं, पुढचं कधी?
विचारून सांगतो, म्हणालो.