वाटीतलं बी

आण्णा, आपल्या घरामागची जागा पुढच्या महिन्यात जाणार. सानपाड्याची ही बैठ्या घरांची सगळी ओळ पाडून इथे टॉवर उभा राहणार आहे. तोवर आई आणि मी जुईनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार आहोत. त्या फ्लॅटला बाल्कनी नाही, फक्त एक ग्रिल आहे आणि तीही उत्तरेला. म्हणजे टोमॅटो संपले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला उगाच आशा वाटू नये. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी विचारून पाहिलं होतं, नव्या इमारतीत थोडी माती मिळेल का म्हणून. ते म्हणाले, "मॅडम, पार्किंगच्या वर, पोडियमवर मस्त गार्डन आहे ना, टेन्शन कशाला घेता?" मी म्हटलं, तिथे टोमॅटो लावता येतील का? ते मनापासून हसले. "टोमॅटो? अहो, लॉन आहे तिथे. टोमॅटो भाजीवाल्याकडे!"

त्यांचं काही चुकलं नाही. टोमॅटो भाजीवाल्याकडे मिळतात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उजाडायच्या आत तुम्ही मार्केटात काट्यापाशी उभे असायचात. तुमची नोकरी तोलणाराची, माल तोलून द्यायची; सबंध दिवस टोमॅटोची कॅरेटं काट्यावर चढवायची, उतरवायची, आणि घरी आल्यावर चहालाही न थांबता मागच्या दारानं पुन्हा टोमॅटोकडेच जायचं. आई म्हणायची, "हलवाई घरी येऊन पेढे वळत बसतो का कुठे?" तुम्ही म्हणायचात, "तो माल लॉरीत टिकावा म्हणून केलेला असतो. दगड आहे तो. खायचा टोमॅटो वेगळा." तो वेगळा टोमॅटो आत्यानं साताऱ्याकडून पाठवला होता. तिच्या परसातलं बी, राखेत घोळून फडक्यात बांधलेलं. त्याचं फळ चपटं, चुण्या पडलेलं, देठापाशी हिरवट राहणारं, आणि एवढं मोठं की एका चकतीखाली अर्धी भाकरी झाकली जायची. ते विळीवर चिरायला तुमची मनाई होती. त्यासाठी तुमची वेगळी सुरी होती आणि स्वयंपाकघरातलं तेवढं एकच काम तुम्ही आयुष्यभर केलंत.

आपली जमीन भरावाची. खाली खाडी, वर मुरूम. पहिल्या वर्षी रोपं पिवळी पडून गेली तेव्हा तुम्ही मुरूम खणून काढलात आणि मार्केटातला सडका पाला गोणीतून आणून तिथे पुरलात. सगळी गल्ली नाकाला पदर लावून फिरत होती. नंतर गौरी-गणपती झाले की तुम्ही फुटक्या कॅरेटात बी टाकायचात, दसऱ्याच्या सुमाराला रोपं जमिनीत लावायचात, आणि थंडी पडेपर्यंत घरात दुसरा विषय नसायचा. एका घोसात दोनच फळं ठेवायची, बाकीची हिरवी असतानाच खुडून टाकायची. पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटणारी बगलफूट रोज नखानं काढायची. एका संध्याकाळी मी तुम्हाला मदत करते आहे. मला वाटतं मी बगलफूट काढते आहे, आणि माझ्या हातात झाडाचा शेंडा येतो. तुम्ही माझ्या हाताकडे बघता, मग झाडाकडे. "गणितात पैकीच्या पैकी," तुम्ही म्हणता, "आणि शेंडा कुठला ते कळत नाही!" मी रडत आत जाते. तुम्ही त्या शेंडा मोडलेल्या झाडालाही काठी देता, गोणपाटाच्या पट्टीनं बांधता. आज मला त्या रागावण्यापेक्षा ती पट्टी जास्त आठवते, पण तेव्हा ती मला दिसली होती की नंतर मी ती तिथे आणून बांधली, याची मला खात्री देता येत नाही.

तुम्ही गेलात त्यानंतरच्या गणपतीत, तुम्ही डब्यात ठेवलेलं बी मीच टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. आईनं तर टोमॅटोकडे बघणंही सोडलं होतं. पुढे काही वर्षांनी ती म्हणाली, "टोमॅटोचं सुतक अजून किती वर्षं पाळणार आहेस?" मी चिडले, पण बी टाकणं सोडलं नाही. बेलापूरच्या ऑफिसातून आले की पाणी, बगलफूट, काठ्या, सगळं तुमच्यासारखं. आणि तुमचा नेमही पाळला. पहिलं, सगळ्यात मोठं फळ घरात चिरायचं नाही, शेजारी द्यायचं. मी लहानपणी बघत होते ना, एका हातात फळ आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन तुम्ही शेजारच्या काकींकडे जायचात आणि बऱ्याच वेळानं भरली वाटी घेऊन परत यायचात. मला वाटायचं, दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून काकी काहीतरी घालून देत असतील. मी वाटी नेत नव्हते. देऊन वर काही घेऊन येणं मला ओशाळवाणं वाटायचं. मी फळ दारात द्यायची, "घरचं आहे हं," म्हणायची आणि पळून यायची. काकींना दिलं, ओळीतल्या सगळ्यांना दिलं, ऑफिसातही नेलं. लोक खूश व्हायचे. मलाही फार बरं वाटायचं, हे लपवत नाही.

फळं मात्र लहान होत गेली. आधी लक्षात येत नव्हतं. मग एका हंगामात चुण्या नाहीशा झाल्या, मग चपटेपणा गेला, आणि अलीकडे तर ती बाजारातल्या टोमॅटोसारखी गुळगुळीत आणि त्याहूनही बारीक येऊ लागली. मी हवेला दोष दिला. रात्री गार होत नाहीत, फुलं गळतात, हे खोटं नव्हतंच. समोरच्या इमारतीची सावली पडते, हेही खरं होतं. खतं बदलली, माती बदलली. रिकामं राहू नये म्हणून नर्सरीतली चार रोपं आणून शेजारी लावू लागले.

गेल्या वर्षी सोसायटीची शेवटची सभा झाली. काकी आता नावड्याला मुलाकडे असतात, त्या सही करायला आल्या होत्या. त्या मूळच्या इथल्याच गावच्या, हे सगळं भातशेत होतं तेव्हापासूनच्या. सही झाल्यावर मागच्या दारी येऊन बसल्या आणि माझे टोमॅटो बघून म्हणाल्या, "ह्या काय गो? ह्या लिंबा हायेत का टमाटी?" मी म्हटलं, काकी, हवा बदलली. त्या म्हणाल्या, "हवा! तू बी कंच्या फलाचा ठेवतंस?" मी सांगितलं, शेवटी जी फळं उरतात त्यांचं धरते. काकी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगो, तुझा बापूस फल देवाचा तवा दारान उभा रहाचा. मी चिरीपर्यंत हलाचा नाय. 'वयनी, आतला बी या वाटीन घाला, मंग निवांत खावा.' मी हसाची त्याला. बोलाची, भावजी, ह्या दान हाय का वसुली?"

"मग आण्णा काय म्हणायचे?"

"बोलाचा, फल तुमचा, बी माझा. आनि वाटी घेऊन चालला."

आण्णा, मी ज्याला औदार्य समजत होते त्यात तुमची वाटी होती. ज्या झाडाला सगळ्यात मोठं फळ यायचं, त्याचं बी तुम्ही शेजारच्या चुलीपासून परत आणायचात. मी ते वर्षानुवर्षं लोकांच्या घरी पाठवत राहिले, आणि घरात जपलं ते उरलेल्या झाडांचं, ज्यांची फळं कुणाला द्यायची मला लाज वाटायची. एकच कारण सापडलं की माणूस त्याला धरून बसतो, त्यात एक प्रकारचा आराम असतो, हे मला कळतं. हवाही असेल, सावलीही असेल, नर्सरीच्या रोपांचा संकरही असेल. तरी काकी नावड्याला परत गेल्यावर मी ओळीत घरोघर फिरले. कुणी गंमत म्हणूनसुद्धा बी ठेवलं असेल तर? कोपऱ्यावरची म्हणाली, "अय्या, बिया? त्या तर मी काढूनच टाकते, किडनी स्टोन होतो ना!" तिच्या पलीकडची म्हणाली, "ते मोठेवाले ना? इतकं छान सूप झालं होतं." आत्याच्या गावी फोन केला. तिथे आता परस नाही, गाडी लावायला जागा केली आहे.

यंदा गणपतीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेलं सगळं बी टाकलं. जी काही रोपं उगवली ती नर्सरीच्या रोपांशेजारी लावली आणि तुमच्या रोपांपाशी आइस्क्रीमच्या काड्या रोवल्या. दिवाळीच्या साफसफाईत आईनं त्या काड्या उपटून टाकल्या. "मला कचरा वाटला," ती म्हणाली. दोन दिवस मी तिच्याशी नीट वागले नाही. ती ऐंशीला आली आहे.

त्यातल्या एका झाडाला, भिंतीलगतच्या, एक फळ धरलं आणि ते वाढत गेलं. चपटं होतं. एका बाजूला चुणीही पडली होती, किंवा मला ती पडलेली हवी होती. त्या घोसातली बाकीची मी खुडली. फळाला जुन्या ओढणीची पिशवी बांधली, बुलबुलांसाठी. ते कुणालाही द्यायचं नाही असं ठरवलं. ते तुमचं की नर्सरीचं, हे ओळखायचा एकही मार्ग माझ्याकडे नव्हता, नेटवरचे फोटो सगळ्याच बाजूंनी बोलतात. गेल्या रविवारी ते उतरवलं आणि ओट्यापाशी उभं राहून चिरलं. आत एका बाजूला अळीनं बोगदा केला होता. तेवढा भाग काढून टाकला. बाकीच्यातलं बी काढलं, फार नव्हतं, राखेसाठी उदबत्तीची राख घेतली, कारण चूल कुठे आहे आता? ते कागदावर वाळतं आहे. ते पेरायला जागा नाही. काकींकडे नावड्याला पाठवावं असं मनात आलं, पण मुलाचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि काकींचे गुडघे गेले आहेत. तरी वाळवते आहे.

उरलेल्या चकत्या ताटलीत घालून, वर मीठ भुरभुरून आईसमोर ठेवल्या. तिनं एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हाच गं. हाच तो."

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की म्हणजे काय? तुला काय पावती फाडून देऊ? तुझ्या वडलांचाच आहे हा."

ती खरं बोलत होती की काड्या उपटल्याची भरपाई करत होती, ते मला कळलं नाही. मग तिनं एक चकती माझ्या तोंडापुढे धरली. "तू सांग की. तुला नाही लागत तसा?" मी खाल्ली. सावकाश, नीट लक्ष देऊन खाल्ली. आंबट होती, थोडी पाणचट, वाईट नव्हती.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून इथे लिहिता येतं. मला तुमच्या टोमॅटोची चव आठवत नाही, आण्णा. खूप प्रयत्न केला, फक्त मीठ आठवतं. आई वाट बघत होती. मी तिला म्हटलं, हो, हाच.