माझ्या वतीने बोलणारं माणूस

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी नवी कवळी आणि भाऊजींचा खोकला हे तिघंही आपापल्या जागी शांत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. पत्र लांबेल, तेव्हा मधेमधे चष्मा काढून डोळ्यांना विसावा दे (चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाचा फुकटचा सल्ला आहे, ऐक).

तर गेल्या महिन्यात तुझ्या भावजयीने अचानक टुमणं लावलं, की आपले कागद एकदाचे करून टाकू. मी तिला म्हटलं, मृत्युपत्रच ना, त्यात काय मोठंसं? घर तुला, दुकानाचा गाळा मुलाला, आणि डोळे तपासायचं ते जुनं यंत्र ज्याला उचलेल त्याला. पण वकीलबाई निघाल्या चिकट. म्हणाल्या, मेल्यानंतरचं सोपं असतं हो, मेलेला माणूस मधे बोलत नाही. अवघड असतं ते जिवंतपणी भान गेल्यावरचं. आणि त्यांनी एक छापील प्रश्नावली पुढे सरकवली. तुमची बुद्धी चालेनाशी झाली तर तुमचे निर्णय कोण घेणार? तुझी भावजय म्हणाली, "आत्ता घेते तीच." वकीलबाईंनी ते लिहूनही घेतलं. पुढचा प्रश्न असा, की वर्षानुवर्षं कुणी सांभाळायची वेळ आली तर घरी राहणार की शुश्रूषागृहात? मी जरा ऐटीत म्हणालो, न बघता सांगणार नाही. मी गिऱ्हाइकाला साधी फ्रेमसुद्धा नाकावर चढवून बघितल्याशिवाय दिली नाही. इथे माझं चुकलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही एक शुश्रूषागृह बघायला गेलो. जागा चांगली होती. रुंद व्हरांडा, भिंतीला धरायला दांडे, फिनेलचा वास, खिडकीत कुंड्या. तुझी भावजय व्यवस्थापकांबरोबर वरच्या खोल्या बघायला गेली (ती न्हाणीघरातले नळ सोडून बघते, तुला माहीत आहे, म्हणजे वेळ लागणार होता). माझे पाय दुखायला लागले. व्हरांड्यात एकच खुर्ची रिकामी होती आणि तिला चाकं होती. बसलो. बसायला आणि निळ्या एप्रनमधली एक मदतनीस बाई मागून यायला एकच गाठ पडली. "चला आजोबा, उशीर झाला," म्हणत तिने खुर्ची ढकलायला सुरुवात केली. मी सांगितलं, बाई, मी इथला नाही. ती मायेने म्हणाली, पहिले काही दिवस सगळ्यांना असंच वाटतं. मी म्हटलं, अहो, माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. तर म्हणते, "हो का? छान. परवा आलेल्या आजोबांचं विमान आहे."

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. रक्तदाब घेतला, तो संतापाने चढलेला. मी आवाज चढवला, तर तिने तक्त्यावर लिहिलं, चिडचिड करतात. म्हणून गप्प बसलो, तर लिहिलं, अबोल झाले. शेवटी वातावरण हलकं करावं म्हणून एक विनोद केला, तेव्हा लिहिलं, असंबद्ध बोलतात (उलटं वाचायची मला सवय आहे, धंद्यातली). मग तिने आजचा वार विचारला. मी मंगळवार म्हणालो. निघाला बुधवार. दुकान बंद केल्यापासून मला सगळे वार सारखेच, पण हे त्या क्षणी कुणाला पटवणार? गळ्यात फडकं बांधून मला जेवणाच्या टेबलाशी नेलं. शेजारी एक निवृत्त मास्तर होते. ते सूप फुंकत हळूच म्हणाले, "मीही नुसता बघायलाच आलो होतो. चार वर्षं झाली."

हसू नकोस ताई. त्या वेळी मी खरंच बाहेरचं दार कुठे आहे ते शोधायला लागलो, आणि बाईने तेही लिहून घेतलं. तेवढ्यात तुझी भावजय जिना उतरून आली. बाईने तिला विचारलं, हे तुमचेच का? तिने फडक्यापासून चपलांपर्यंत मला न्याहाळलं (यात तिने घेतलेला वेळ मी तिला अजून माफ केलेला नाही) आणि म्हणाली, "आमचेच आहेत. शहाणे आहेत, सोडा." झालं! माझी पाऊण तासाची वकिली एकीकडे आणि तिची पाच शब्दांची साक्ष एकीकडे. बाईने लगेच फडकं सोडलं, वर माफीही मागितली. ती माणूस म्हणून चांगलीच होती. पण आपण खरं बोलत असलो तरी एका खुर्चीमुळे ते खोटं ठरतं, हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी उठून मीच वकीलबाईंच्या दाराशी उभा राहिलो आणि म्हटलं, लिहा.

सगळे कागद झाले. आता कसली काळजी नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. माझ्या वतीने बोलायला पहिलं नाव तुझ्या भावजयीचं आहे. ती नसेल किंवा तिला जमणार नसेल, तर दुसरं लागतं. मुलगा फोन उचलेपर्यंत माझा निकाल लागलेला असेल, म्हणून तुझं घातलं आहे. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, यावर वकीलबाईंनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, तुम्ही तिला बघितलेलं नाही. तुझी संमती आहे असं सांगून मोकळा झालोय. सोबतच्या कागदावर फुलीपाशी सही कर.

ता. क. दुसरा. पाकिटात कागद दोन आहेत. दुसरा तुझ्या भावजयीचा. तिने पहिलं नाव तुझं घातलंय, माझं दुसरं. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्ही रडत बसाल, सही कोण करणार?

ता. क. तिसरा. सही करून लगेच पाठव, किंवा स्वतःच घेऊन ये. या महिन्याच्या वीस तारखेला तिचं ऑपरेशन आहे. छोटंसं आहे, असं डॉक्टर म्हणतात. हे पत्रात वर लिहू नका असं तिने बजावलं होतं, म्हणून खाली लिहितोय.