टोपलीत उरलेला जोड

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकली असशील. फोनवर आपलं बोलणं हवापाण्यापलीकडे जात नाही, आणि मला जे विचारायचंय ते फोनवर विचारलं तर तू हो-नाही करून मोकळी होशील. म्हणून हे लांबण लावतेय. बाबांना एकदा प्रवाळावर घेऊन जायचंय. काकांच्या मोठ्या बोटीने न्यावं की आपल्या छोटीने, हे माझं ठरत नाहीये. हसू नकोस. ज्या भांडणापायी तू घर सोडलंस, तेच भांडण मी आता एकटी बसून स्वतःशी घालतेय. बाबांना बरं नाही एवढंच तुला ठाऊक आहे. काय झालंय तेही सांगते, पण जरा दम धर, मला एकदम लिहवत नाही.

काकांनी मोठी बोट घेतली, घेतलीच शेवटी. दोन इंजिनं, वर छत, बसायला गाद्या, चारी बाजूंनी कठडा आणि आतून कडी लागणारा संडास. त्या कडीकडे मी किती वेळ बघत उभी राहिले म्हणून सांगू. आपल्या बोटीपायी मी इतकी वर्षं सकाळचा चहा सोडला होता, तो काही आवड म्हणून नव्हे. वारा सुटला तरी काकांची बोट बाहेरच्या प्रवाळापर्यंत जाते, कुणाला फारशी मळमळ होत नाही. तू तेव्हा हेच सांगत होतीस आणि ते खोटं नव्हतं. पण आतल्या उथळ वाटेत तिला शिरता येत नाही. लांब नांगर टाकायचा आणि पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन प्रवाळ बघायला बुडी मारणाऱ्या पाहुण्यांना तिथवर पोहत पाठवायचं. शिवाय गर्दी एवढी की वर आलेल्याचा चेहरा कुणी बघत नाही, फळ्यावर नावापुढे खूण केली की झालं. बाबा तिला तरंगतं बसस्टँड म्हणतात. काकांच्या तोंडावरच म्हणाले. पूर्वी यावरून दोघा भावांत जुंपली असती. या वेळी काका नुसते हसले, कारण बाबांचं बोलणं आता कुणी मनावर घेत नाही. ते हसणं मला फार लागलं.

आपली टोपली अजून आहे. ती पद्धत माझी, हे तू तरी विसरली नसशील. बोटीवर चढताना प्रत्येकाने चपला टोपलीत टाकायच्या, पाण्यातून वर आलं की आपापल्या उचलायच्या, आणि टोपली रिकामी झाल्याशिवाय बाबांनी इंजिनाला हात लावायचा नाही. मोजताना माणूस चुकेल, चपला चुकायच्या नाहीत, असं मी पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायचे. भांडणाच्या त्या दिवशी तू बाबांना म्हणालीस की हे बोटीचं डबडं एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. ते म्हणाले, मग जा मोठ्या बोटींवर. आणि तू तशीच धक्क्यावर उडी मारून भर उन्हात अनवाणी चालत गेलीस. पाय भाजत असणार, पण मागे वळशील तर शपथ. ते तरी कुठे वळले. नाकावर राग घेऊन फिरण्यात तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

तुझ्या चपला टोपलीत राहिल्या. मी त्या घरी आणल्या, धुतल्या, तुझ्या खाटेखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर परत टोपलीत. परतायची वेळ झाली की बाबा टोपलीत डोकवायचे, तेवढा एक जोड कडेला सरकवायचे आणि मग इंजिन सुरू करायचे. आधी आधी चेष्टेने म्हणायचे की आपलं एक माणूस अजून खालीच आहे. पुढे तेही बंद झालं. मला वाटलं, राग निवतोय.

मग तो दिवस आला. सगळे पाहुणे वर आले होते, अंग पुसून चपला घालून बसले होते. बाबांनी टोपलीत पाहिलं आणि खाली बसले. वारा वाढत होता. मी म्हटलं, निघू या, सगळे आलेत. त्यांनी तुझ्या चपलांकडे बोट दाखवलं. मग इंजिन लावून प्रवाळाभोवती हळूहळू फिरायला लागले, पाण्यावर बुडबुडे दिसतात का बघत. मला विचारलं, पोरीच्या टाकीत हवा किती उरली असेल? एकदम इंजिन बंद करून डोळ्यांना मास्क लावला आणि काठावर पाय टाकला. दोन पाहुण्यांनी त्यांना कंबरेला धरून मागे ओढलं. ते रडत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हा माणूस कुणाला शोधतोय ते बोटीवर कुणालाच कळेना. मला कळत होतं. शेवटी मी तुझ्या चपला टॉवेलात गुंडाळल्या आणि रिकामी टोपली त्यांच्यापुढे धरली. आली का वर, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा कुठे शांतपणे बोट धक्क्याला आणली, अगदी नेहमीसारखी, कुठे खरचटूही न देता.

त्यानंतर बोट पाण्यात गेलेली नाही. हे विसरणं वाढतच जाणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काही सकाळी ते अगदी पूर्वीसारखे असतात, माझ्या चहाला नावं ठेवतात, आणि मी मूर्खासारखी खूश होते. त्यांचं मागणं एकच आहे, प्रवाळावर ने. बाई म्हणतात न्या, पण कठडा असलेल्या बोटीने. खरंय त्यांचं. आपल्या बोटीचा काठ गुडघ्याएवढा, आणि सुकाणू धरू की त्यांना धरू? काकांच्या माणसांना आतली वाट माहीत नाही. ती बाबांना ठाऊक आणि तुला. मोठी बोट दाखवायला मी त्यांना धक्क्यावर नेलं, तर चढायच्या आधीच विचारलं, टोपली कुठाय? तिथून हलेचनात.

तर भिंगरी, ठरवायचंय ते मला नाही, तुला. तू सुकाणू धरलंस तर छोटी बोट, मी त्यांना दोन्ही हातांनी धरून बसेन. नाही आलीस तर मोठीने नेईन. ते लांबून पाणी बघतील, आणि मी तुला बोल लावणार नाही. पण येणार असलीस तर लवकर ये. काल ते टोपली मांडीवर घेऊन बसले होते. तुझ्या चपला मी त्यात परत ठेवल्यात. त्यांनी जोड बाहेर काढला, उलटापालटा केला आणि मला विचारलं, हा कुणाचा? मी तुझं नाव सांगितलं. मान हलवली, आणि थोड्या वेळाने तेच परत विचारलं. ते तुला विसरायच्या आत एकदा त्यांच्यासमोर त्या टोपलीतून तुझ्या चपला उचल. भांडण मिटवायला बसू नकोस, काही बोलूही नकोस. नुसत्या पायात घाल आणि इंजिन त्यांना सुरू करू दे. खाऱ्या पाण्याने पट्टे कडक झालेत, चावतील. तरी घाल.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई